पिलाला लागू नये म्हणून

नानांनी आपली खाट मळ्यातल्या खोलीत नेली तेव्हा आम्हाला वाटलं, म्हातारा रुसला.

तसं वाटायला कारण होतं. माझे वडील, म्हणजे नाना, रुसण्यात पटाईत. एकदा वांग्याच्या भरतात लसूण कमी पडला म्हणून त्यांनी आठवडाभर मळ्यातच मुक्काम ठोकला होता, आणि आई असताना ती रोज डबा घेऊन जाऊन त्यांची समजूत काढायची. आई जाऊन बरीच वर्षं झाली. आता घरात माझा भाऊ, वहिनी आणि त्यांची दुसरीतली मुलगी. फैजपूरपासून जवळच आमचं गाव आहे. गावाबाहेर पडलं की दोन्ही अंगांना केळीच्या बागा, आणि त्यातच आमचा मळा. खोलीत मोटारीचा स्टार्टर, ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी, खताची पोती आणि एक खाट मावेल एवढी जागा. आजारी माणसानं राहण्यासारखं तिथं काही नव्हतं.

आणि नाना आजारी होते. नुसते आजारी नव्हते, जायला निघाले होते. गालाच्या आतली जखम बरेच दिवस भरत नव्हती, ती मग गाल फोडून बाहेर आली. जळगावच्या दवाखान्यात तपासण्या झाल्या, रेडिएशनचे शेक झाले, आणि शेवटी तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला आणि भावाला बाजूला घेऊन सांगितलं. कॅन्सर जबड्यातून मानेत उतरला होता. ऑपरेशनची वेळ निघून गेली होती. "बरं करणं आता आपल्या हातात नाही," त्या म्हणाल्या, "पण दुखणं, जखमेचा वास, जेवण, झोप, हे सगळं आपल्या हातात आहे. तेवढं शेवटपर्यंत नीट करू." मग म्हणाल्या, "त्यांना सांगितलंय का?"

भावानं मान हलवली. नाही.

दवाखान्याच्या आवारात, रसवंतीच्या बाकड्यावर बसून आमची बैठक झाली. आमचे काका मुद्दाम आले होते. काकांचं म्हणणं एकच, रोग्याला रोगाचं नाव सांगायचं नसतं, माणूस खचतो. मी म्हटलं, नाना खचणाऱ्यातले नाहीत, वादळात उभी बाग आडवी झाली त्या दिवशीसुद्धा ते दुपारी पोटभर जेवले होते. काका म्हणाले, "तू उद्या धुळ्याले निंघून जाशीन बाई. निस्तरायचं आम्हाले हाये." माझ्या नाकावर राग असतोच. मी रसाचा ग्लास तसाच ठेवला आणि उठले. पण उठून केलं काय? काहीच नाही. नानांना सांगण्यात आलं की गाठ होती, तिची जखम झाली, औषधानं भरून येईल. नानांनी एकही प्रश्न विचारला नाही. जन्मभर रोपवाल्याला, खतवाल्याला, व्यापाऱ्याला उलटेपालटे प्रश्न विचारून घाम फोडणारा माणूस आपल्याच जखमेबद्दल काही विचारत नाही, याचं आम्हा कुणालाही नवल वाटू नये! आम्ही म्हटलं, बरं झालं, पटलं त्यांना.

त्यानंतर त्यांनी खाट हलवली. स्वतःचं ताट, वाटी, लोटा वेगळा काढला. भावानं डबा आणायचा तो खोलीबाहेरच्या दगडावर ठेवायचा आणि मागे सरायचं. वहिनीनं कपडे न्यायचे नाहीत, ते स्वतः हौदावर धुणार. आणि नातीनं बांधावरच्या निंबापुढे पाऊल टाकायचं नाही.

ही शेवटची अट सगळ्यांना लागली. कारण ती पोरगी नानांच्या खांद्यावरच वाढलेली. बागेत कोणतं झाड कधी निसवलं, म्हणजे घड कधी बाहेर पडला, हे ती शाळेच्या कवितेसारखं म्हणून दाखवायची, आणि ते तिला त्यांनीच शिकवलेलं. आता ती शाळा सुटली की निंबाखाली उभी राहायची आणि तिथून ओरडायची, "आबा, जेवले का?" तिचे ते आबा. खोलीतून हात वर व्हायचा. बोलायला त्यांना त्रास व्हायचा, म्हणून नुसता हात. ती घरी येऊन आईला विचारायची, आबा माझ्यावर का रागावले? वहिनी काय सांगणार. पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात जायची.

एवढंच आम्हाला हवं होतं. नाना बरे होणार नव्हते, ते आम्ही गिळलं होतं. पण त्यांनी घरी यावं, ओट्यावर पडून राहावं, नातीनं जवळ बसावं, आणि जे काय व्हायचं ते माणसांत व्हावं. दिवस थोडे होते आणि ते एका स्टार्टरच्या खोलीत चालले होते.

जवळ जायची परवानगी फक्त मला होती.

मी धुळ्याला शाळेत शिकवते. शनिवारी अर्धी शाळा उरकून एसटी पकडायची, जळगावला उतरायचं, तिथून भुसावळ, तापीचा पूल, आणि फैजपूरच्या स्टँडवर भाऊ मोटारसायकल घेऊन उभा. मळ्यात पोचले की आधी हात धुवायचे. मग जखमेवरची पट्टी भिजवून हळूहळू सोडवायची, मिठाच्या पाण्यानं धुवायचं, आणि वास घालवणारी गोळी कुटून तिची पूड वर भुरभुरायची. डॉक्टरीणबाईंनी हे सगळं मला स्वतः करून दाखवलं होतं. आठवड्यातले बाकीचे दिवस नाना आरशात बघून स्वतःच पट्टी बदलत, वेडीवाकडी. पण शनिवार-रविवारी गाल माझ्यापुढे करत, डोळे मिटून घेत.

मला त्याचा तोरा चढला होता, खोटं कशाला बोलू. भावाला दगडापलीकडे थांबावं लागतं, सुनेला कपडे मिळत नाहीत, आणि नानांना चालतो तो माझा हात! वहिनीला मी एकदा म्हटलंसुद्धा, "शेवटी लेक ती लेक." तिनं भाकरी जरा जोरात थापली.

एक गोष्ट मात्र माझंही ऐकत नव्हते. दुखण्याच्या गोळ्या. ठरलेल्या वेळेला, दुखो न दुखो, एक घ्यायची असं बाईंनी बजावलं होतं. दुखणं येण्याची वाट बघायची नाही. नाना त्या घेतच नसत. मी आले की पाकीट जवळपास तसंच. रात्री काय होत असेल ते त्यांच्या उशीच्या खोळीवरून कळायचं, ती दातांनी कुरतडलेली होती. मी चिडायचे, हाता-पाया पडायचे, पालथ्या घड्यावर पाणी. एकदाच म्हणाले, "उपटायच्या झाडाले कोनी खत देतं का?" मला वाटलं, जीव वैतागलाय म्हणून बोलतात.

श्रावणातली गोष्ट. आभाळ दाटून आलेलं, पाऊस नाही, नुसतं कोंदट. असल्या हवेत केळीवर हरण्या येतो. पानांवर पिवळे पट्टे पडतात, मधला पोंगा, म्हणजे गुंडाळलेलं कोवळं पान, सडतो, आणि झाड कामातून जातं. त्याला औषध नाही. एकच इलाज, दिसलं झाड की कंदासकट उपटायचं आणि बागेपासून लांब नेऊन जाळायचं. त्याच्या बुडाशी पिलं आलेली असली, म्हणजे पुढच्या पिकाची नवी कोंबं, तर ती ठेवायची नाहीत. रोग आईच्या कंदातून पिलात उतरलेला असतो. शेजारच्या झाडांना तो मावा नावाची कीड नेऊन लावते. आमच्याकडे हे शाळेत जायच्या आधी कळतं.

त्या रविवारी नाना काठी टेकत बागेत उतरले. भावाला दिसली नव्हती अशी चार-पाच झाडं त्यांनी काठीनंच दाखवली. सातपुड्याच्या पायथ्याकडून आलेले मजूर उपटत होते. एका झाडाला चांगलं टपोरं पील होतं, तलवारीच्या पात्यासारखं सरळ. मजुरानं विचारलं, हे ठेवू? नानांनी काठी जमिनीवर आपटली. "तेच पयले काढ."

आणि नेमकी त्याच वेळी नात आली. तिनं निंबाची हद्द ओलांडली, सरीतून पळत आली आणि मागून नानांचा हात धरला. नानांनी तो हात असा झिडकारला की पोरगी ठिबकच्या नळीत पाय अडकून चिखलात पडली. रडली नाही. नुसती बघत राहिली त्यांच्याकडे. मग उठली आणि फ्रॉक तसाच धरून चालती झाली.

माझा तोल गेला. भर बागेत, मजुरांसमोर, मी आजारी बापाला बोलले. काय बोलले ते सगळं लिहीत नाही, पण "जाताना पोरीला काय देऊन जाताय, हा धक्का?" असं बोलले, ते मला आठवतं. नाना खोलीकडे निघाले. मी मागोमाग. खाटेवर बसले, धाप लागलेली. लोट्यातलं दोन घोट पाणी कसंबसं प्यायले, निम्मं गालातून गळलं. मग म्हणाले,

"तिले लागलं त मंग?"

"काय लागलं?"

"माह्यं."

मला कळायला वेळ लागला. त्यांनी काठी दाराबाहेर केली, जिथं ती झाडं उपटून ढीग घातला होता. "हरण्याचं झाड लोक बागेत ठेवत नही. पिलाले लागते."

"नाना, तुम्हाले काय झालं हाये ते..."

"मले वाचता येतं बाई. दवाखान्यावर केवढी पाटी हाये." थांबून थांबून बोलत होते. "तुम्ही गाठ म्हने, जखम म्हने. मी म्हटलं, बोलू द्या. पोरगा अन नात त दूर राहिले पाह्यजे ना."

म्हणजे रुसवा नव्हता. बागेतलं रोगी झाड बागेबाहेर काढतात, तसं त्यांनी स्वतःला काढलं होतं. खत बंद, पाणी बंद. दुखण्याची गोळी बंद. आणि आम्ही रोगाचं नावच दडवून बसलो होतो, तर तो कसा लागतो आणि कसा लागत नाही हे त्यांनी विचारायचं कुणाला?

तेवढ्यात एक गोष्ट टोचली, आणि मी ती विचारायला नको होती. मी विचारलं, "मंग मी कशी चालते, नाना? माह्या हातून पट्टी कशी चालते?"

त्यांनी माझ्याकडे अगदी सरळ बघितलं. त्यात काही वाईट नव्हतं. केळीचा भाव सांगावा तसं सांगितलं.

"तू त दिलेली पोर. दुसऱ्याच्या बागेत लावलेली. तुले काय व्हतं?"

इतके शनिवार. ती एसटी, तो तापीचा पूल, वहिनीसमोरचा तो तोरा. लेक ती लेक! मला हसू यावं की रडू, कळेना. आलं ते वेगळंच. मी त्यांच्या पुढ्यातला लोटा उचलला, त्यांचं उष्टं पाणी, आणि तोंडाला लावून सगळं पिऊन टाकलं.

नाना उठले. त्या माणसाला खाटेवरून उठायला काठी लागायची, ते काठीशिवाय उठले. माझ्या हातातला लोटा हिसकला, तो जाऊन पोत्यांवर आदळला. माझी हनुवटी धरली, लहानपणी माती खाल्ल्यावर धरायचे तशी. "थुंक! थुंक पयले! चूळ भर!" आवाज फाटला, गालाची पट्टी सुटली. "येडी झाली का तू? तुले दोन लेकरं हायेत!"

"लागत नाही नाना. हा रोग असा लागत नाही. हातानं नाही, उष्ट्यानं नाही, कशानंच नाही."

ते तसेच माझी हनुवटी धरून उभे होते. मग हात खाली आला. खाटेवर बसले आणि म्हणाले, "तू मले भरून येईन म्हने. आता तुह्यं हे कसं खरं मानू?"

मी पोत्यांवरचा लोटा उचलून जागेवर ठेवला. मग त्यांची सुटलेली पट्टी पुन्हा बांधायला घेतली.

सोमवारी मी शाळेत रजा टाकली. भावाला सांगितलं, आज डॉक्टरीणबाई नानांना सगळं सांगतील, आपल्यासमोर, आणि तू मध्ये तोंड उघडायचं नाही. तो म्हणाला, काकांना विचारू. मी म्हटलं, काकांना निस्तरायला नंतर बोलाव.

दवाखान्यात नाना खुर्चीत ताठ बसले, पागोट्याऐवजी डोक्याला उपरणं, व्यवहाराला बसावं तसे. प्रश्न त्यांनीच विचारले. इतक्या महिन्यांचे साठवलेले.

"क्यान्सरच हाये ना?"

"हो आबा."

"बरा व्हत नही?"

बाईंनी खुर्ची जवळ ओढली. "नाही. बरा करता येणार नाही."

भाऊ भिंतीकडे तोंड करून रडायला लागला. नानांनी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. ते बाईंकडे बघत होते, आणि मला स्पष्ट दिसलं, त्यांचे खांदे सैल पडले. ही बाई खरं बोलते, हे त्यांना कळलं होतं. वाईट बातमी खरी सांगणाऱ्याची चांगली बातमीही खरी असते, एवढा हिशेब त्यांना येत होता.

"मंग आता सांगा. लागतो का कोनाले?"

"नाही. जवळ बसून नाही, एका ताटात जेवून नाही, नातीला कुशीत घेऊन झोपलात तरी नाही."

"पिलात उतरत नही?"

बाई अडखळल्या, तेव्हा मी त्यांना पिलाचा अर्थ सांगितला. त्या म्हणाल्या, "तुमचा हा तंबाखूनं झालेला आहे. तो रक्तातून मुलाबाळांत गेलेला नाही. तंबाखू जो खाईल त्याला धोका."

नानांची नजर भावाच्या शर्टाच्या खिशावर गेली. तिथं पुडी होती, नेहमीसारखी. भावानं ती काढून खाली टाकली. शेवटची टाकली असं म्हणायला मला आवडलं असतं, पण मी खोटं लिहिणार नाही. नानांच्या बाराव्याला मी त्याला गोठ्यामागे तंबाखूत चुना मळताना बघितलं, आणि आम्ही दोघंही एकमेकांकडे बघून न बघितल्यासारखं केलं.

निघताना बाईंनी पुन्हा गोळ्यांचं सांगितलं. यानं रोग हटणार नाही, पण दुखणं धरून ठेवील, माणूस उभा राहील. नाना म्हणाले, "म्हंजे टेकू." घडाच्या ओझ्यानं झाड वाकलं की आम्ही त्याला बांबूचा टेकू देतो. ते झाड पुढं कापायचंच असतं, तरी देतो. हे त्यांना पटलं. त्या दिवसापासून गोळी कधी चुकली नाही. उलट वहिनीला उशीर झाला की ओरडायचे.

हो, वहिनीला. कारण त्याच संध्याकाळी खाट घरी आली, ओट्यावर. नात आधी उंबऱ्यातच उभी राहिली. चिखलातलं पडणं ती विसरली नव्हती. नानांनी खाटेवर थोडं सरकून जागा केली आणि तिथं हात थोपटला. ती आली, बसली, आणि लगेच तक्रार केली की आबा, तुमच्या तोंडाचा वास येतो. नाना हसले, म्हणजे ज्या बाजूनं हसता येत होतं त्या बाजूनं. मग ती रोज गोळी कुटायला बसायची, वरवंट्याच्या टोकानं, आणि पूड सांडली की स्वतःलाच रागवायची.

असे थोडेच दिवस मिळाले. पोळ्याला बैल दारावरून गेले तेव्हा नाना उठून बसू शकले नाहीत, नातीनं कोणाच्या शिंगाला कोणता रंग ते ओरडून सांगितलं. मळ्यातल्या खोलीत गेलेले ते महिने मला आजही परत हवेत. रोगानं नेले असते तर रोगावर चिडले असते. ते आम्ही घालवले, नाना खचू नयेत म्हणून, आणि खचलेलं कोण होतं तर आम्ही.

माझ्या मनात ते वाक्य मात्र रुतून होतं. दिलेली पोर. मी पट्टी बदलायचे, शनिवारी यायचे, रविवारी जायचे, आणि मनात म्हणायचे, दुसऱ्याच्या बागेतली मी. कुणाला बोलले नाही. धुळ्याला आल्यावर नवऱ्यालासुद्धा नाही.

शेवटच्या रविवारी मी निघाले होते. भाऊ मोटारसायकल काढत होता. नाना बराच वेळ डोळे मिटून होते, मला वाटलं झोपले. पाया पडून वळले तर त्यांनी मनगट धरलं. आवाज जवळजवळ गेलेला, कान तोंडाशी न्यावा लागला.

"त्या दिवशी," ते म्हणाले, "लोट्यातलं पानी पेली तू."

"हो नाना."

"मंग चूळ भरली व्हती ना?"

डॉक्टरीणबाईंवर त्यांचा विश्वास होता. नात तिथंच त्यांच्या पायाशी डोकं टेकून झोपली होती. तिच्याबद्दलची भीती गेली होती. माझ्याबद्दलची राहिली होती, आणि ती उराशी धरून ते इतके दिवस गप्प होते.

मी चूळ भरली नव्हती.

"हो नाना," मी म्हटलं, "लगेच भरली. दोनदा."

त्यांनी मनगट सोडलं. "जाय मंग," म्हणाले, "एसटी निंघून जाईन."